खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "बोरुडे, नोकरीतले चार गमतीदार किस्से लिहून द्या." गमतीदार किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत. राहुरीच्या अलीकडे, उसाच्या फडाला लागून असलेल्या एका शेती संशोधन संस्थेच्या संगणक केंद्रात मी सव्वीस वर्षं काढली. एकदोन किस्से सांगतोही. पण लिहायला बसल्यापासून हात सारखा एकाच प्रकरणाकडे जातोय आणि त्यात गंमत काही नाही. ते टाळून बाकीचं लिहिलं तर ती लबाडी होईल. संपादकांची आधीच माफी मागतो.

आधी माझा धंदा समजावून सांगतो, कारण माझ्या सख्ख्या मेव्हण्यालाही तो कळला नव्हता. तो मला शेवटपर्यंत "कॉम्प्युटर दुरुस्त करतात ते" म्हणत राहिला. आमच्याकडे क्लस्टर होतं. क्लस्टर म्हणजे एका थंडगार खोलीत लोखंडी कपाटात रचलेली पुष्कळ मशिनं, एकमेकांना वायरींनी जोडलेली. एका मशीनला वर्षभर लागेल असं गणित ही सगळी मिळून काही दिवसांत उरकतात. या मशिनांना ना पडदा, ना कीबोर्ड, ना माऊस. शास्त्रज्ञाने आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून त्यांना काम सांगायचं. पूर्वी ते काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून सांगावं लागायचं. एक स्पेस चुकली की बोंब.

मग रिमोट डेस्कटॉप आला. यात तुमच्या कॉम्प्युटरवर एक विंडो उघडते आणि तिच्यात चक्क क्लस्टरचा पडदा दिसतो. चित्रं, आलेख, माऊस, सगळं. तो जोडून द्यायचं काम माझं. आधी क्लस्टरच्या दारातल्या मशीनवर जायचं, तिथे त्या माणसाचं सत्र, म्हणजे सेशन, सुरू करायचं, त्याला टोकनसारखा एक नंबर मिळतो, त्या नंबरापर्यंत एक सुरक्षित वाट काढायची आणि मग विंडो उघडायची. ऐकायला दहा मिनिटांचं काम. पहिल्यांदा करताना मला तीन आठवडे लागले होते. विंडो उघडायची आणि आत नुसता करडा पडदा! माऊस हलायचा, पण हलवायचं काय? असो. एकदा जमलं आणि संस्थेत माझा भाव वधारला. जो तो "बोरुडे, मला पण जोडून द्या" म्हणत मागे लागला.

कीटकशास्त्राच्या एका वयस्कर सरांना जोडून दिलं, तर चार दिवसांनी त्यांचा लेखी अर्ज आला. क्लस्टर आता माझ्या टेबलावर आलं असल्याने माझ्याही खोलीत एसी बसवावा. मी समजवायला गेलो तर म्हणाले, "मग आत दिसतंय ते काय आहे?" दुसऱ्या एका मॅडम रोज संध्याकाळी आपला कॉम्प्युटर समजून आतलं क्लस्टर बंद करायला बघायच्या आणि ते होत नाही म्हणून माझ्याकडे तक्रार करायच्या. मी सगळ्यांना हसायचो. मीच एकटा जाणकार, बाकी सगळे अडाणी, हे मला फार आवडायचं. खरं सांगू? हेच मला भोवलं. म्हणजे मला नाही भोवलं, दुसऱ्याला भोवलं.

मनीषा आमच्याकडे पीएचडी करायची. गाव घोडेगावच्या पलीकडे, घरी कांदा. कांदाचाळीत साठवलेला कांदा सडतो तो हवा नीट न खेळल्यामुळे, तर चाळ कशी बांधली म्हणजे हवा खेळेल, हा तिचा विषय. चाळीतल्या हवेचं गणित मांडणारं तिचं सॉफ्टवेअर नुसत्या काळ्या पडद्यावर चालत नव्हतं, त्याला चित्रांचा पडदा लागायचाच. म्हणून ती माझ्याकडे आली. शांत मुलगी. वहीत सगळं लिहून घ्यायची आणि एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायची नाही.

आता माझी पहिली चूक. नियम असा, की दारातल्या मशीनवर कोणी जड काम चालवायचं नाही. ते फक्त आत जाण्यापुरतं. जड काम आतल्या मशिनांवर. पण आतल्या मशीनपर्यंत विंडोची वाट काढणं मला तेव्हा जमत नव्हतं. पुण्याच्या कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं असतं तर त्याने फोनवर सांगितलं असतं. पण मी, बोरुडे, विचारू? संस्थेचा जाणकार? मी तिचं काम दारातल्या मशीनवरच लावून दिलं आणि छाती पुढे काढून सांगितलं, "हे बघ, विंडो बंद कर, लॅपटॉप मिटव, घरी जा. आत तुझं काम चालूच राहील." ते खरंच होतं. ती रोज तसंच करायची आणि काम रोज पुढे जायचं. तीन आठवड्यांचं गणित होतं. ते संपलं की आकडे प्रबंधात घालायचे आणि मुदतीच्या आत प्रबंध द्यायचा. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती. दुसरी मिळणार नव्हती.

गणिताच्या सतराव्या दिवशी खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्या भागात औत, कुऱ्हाड, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, जे जे पोटाला देतं ते धुऊन पुसून पुजतात आणि त्या दिवशी त्याला राबवत नाहीत. क्लस्टर आलं त्या वर्षापासून मी त्याचीही पूजा घालायचो. पण चालतं मशीन कसं पुजायचं? माझ्या वडिलांनी चालत्या औताला कधी हळद लावली नाही. म्हणून आतली मशिनं तशीच ठेवून मी दारातलं एक मशीन दोन तास बंद करायचो, ब्लोअरने धूळ उडवायचो, हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. आधी आठवडाभर सगळ्यांना ईमेल टाकायचो, की नवमीला सकाळी दोन तास कोणी दारातल्या मशीनवर सत्र चालू ठेवू नये. संचालकांपासून शिपायापर्यंत सगळे प्रसादाला यायचे. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात झकास दिवस.

त्या वर्षी ईमेल राहून गेला. कारण काही नाही. राहून गेला, बस्स. मुलीचं कॉलेज ॲडमिशन होतं, घराला रंग चालला होता, काहीही सांगता येईल. मशीन बंद करण्याआधी कोणाचं सत्र चालू आहे हे बघायला एक ओळ टाइप करावी लागते. तीही मी टाइप केली नाही. गुरुजी येऊन बसले होते आणि संचालक घड्याळाकडे बघत होते. मी बटण दाबलं. दिवे विझले. मी माळ घातली. मनीषाचे गाइड निकम सर तिथेच होते. त्यांनी माझ्या हातून खोबरं आणि साखर घेतली आणि म्हणाले, "वा बोरुडे, मशीन कसं लखलखतंय!" मनीषाचं सतरा दिवसांचं काम त्याच मशीनमध्ये होतं आणि ते तिथे आहे हे फक्त मला माहीत होतं; बाकी सगळे, तीही, ते आतल्या मशिनांवर आहे असं समजत होते. ते सॉफ्टवेअर सगळं झाल्यावरच आकडे लिहायचं. मधे साठवायला मी तिला पुरेशी जागा दिली नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "सर, विंडो उघडत नाही. सत्र सापडत नाही म्हणतंय."

त्याच क्षणी मला सगळं कळलं. आणि तोंडाने मी विचारलं, "तू शेवटची विंडो कशी बंद केली होतीस?"

"सर, नवमीच्या आदल्या संध्याकाळी लाईट गेली गावात. राउटर बंद पडला. विंडो आपोआपच गेली."

"मग तेच झालं," मी म्हणालो.

"पण सर, तुम्ही म्हणाला होतात, बंद केली तरी चालतं..."

"आपण बंद करणं वेगळं आणि नेट अर्धवट तुटणं वेगळं. अर्धवट तुटलं की आतलं काम बसतं. विंडोजवळ थांबायला पाहिजे होतं तू."

असं काही नसतं हो! ज्यांनी हे काम केलंय ते वाचून थुंकतील माझ्यावर. नेट तुटो, लाईट जावो, लॅपटॉप विहिरीत पडो, सत्र क्लस्टरवर असतं आणि तिथेच चालू राहतं. याचसाठी तर ते जोडून द्यायचं! पण पलीकडून ती म्हणाली, "माझंच चुकलं सर." मी "बघू काय करता येतं" म्हणून फोन ठेवला. करता येण्यासारखं काही नव्हतं हे मला माहीत होतं.

दोन दिवसांनी ती वडिलांना घेऊन केंद्रात आली. रंगनाथराव. पांढरी टोपी, पायात चिखलाने भरलेली चप्पल, ती त्यांनी दाराबाहेर काढली. पोरगी दोन दिवस जेवली नाही म्हणून ते स्वतः आले होते. भांडायला नव्हे, समजून घ्यायला. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"साहेब, मी अडानी मानूस. एक इचारू का?"

"विचारा ना."

"आमच्या नदीवरल्या मोटरीला मोबाईल ष्टार्टर हाय. घरून फोन लावायचा, मोटार चालू व्हती. मधीच रेंज गेली, फोन कट झाला, तरी मोटार काय बंद पडत न्हाई. पानी चालूच ऱ्हातं. मग हिचा फोन तुटला म्हनून तिकडलं मशीन कसं बंद पडंल?"

माझ्या सव्वीस वर्षांत रिमोट डेस्कटॉप इतका नेमका कोणी समजून घेतला नव्हता. एकाही डॉक्टरेटवाल्याने नाही. मनीषाही मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. तेव्हा सांगायचं होतं. नुसतं "रंगनाथराव, तुमचं बरोबर आहे" एवढं म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "ते वेगळं असतं. मोटार साधी असते. यात फार तांत्रिक भानगडी आहेत, तुम्हाला नाही समजायचं."

"व्हय व्हय. तुमी म्हनता तर असंल," ते म्हणाले. लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चल बाई. साहेबाला काय पडलंय खोटं बोलायचं?"

हे वाक्य मी आजवर माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं.

पुढे संस्थेने तिघांची समिती नेमली. तिघेही मातीतले, पिकातले जाणकार. मशीन केव्हा बंद झालं आणि केव्हा चालू झालं याची नोंद मशीन स्वतःच ठेवत असतं. ती मागितली असती तर पाच मिनिटांत माझा निकाल लागला असता. पण ती मागायची असते हे त्यांना कोण सांगणार? मीच! त्यांनी मला अहवाल मागितला. मी तो दिला. "संबंधित विद्यार्थिनीने सत्र निष्काळजीपणे खंडित होऊ दिल्यामुळे काम नष्ट झाले." समितीने मान डोलावली. ते पत्र तिच्या फायलीला लागलं. निकम सर म्हणाले, "साधी एक विंडो सांभाळता येत नाही, प्रबंध काय सांभाळणार?" मुदत संपली. तिला आमची संस्था सोडावी लागली. नंतर दुसरीकडे पुन्हा नाव घालून तिने चार वर्षांनी पीएचडी केली, असं कानावर आलं. मला बरं वाटलं. बघा, किती स्वस्तात बरं वाटून घेतो माणूस! तेवढं सोडलं तर मी तिला विसरायचाच प्रयत्न केला. पुढच्या खंडेनवमीला मी नुसत्या कपाटाच्या दाराला हळद लावली. मशीन बंद केलं नाही. कोणी विचारलंही नाही.

मी निवृत्त झालो. आणि या पावसाळ्यात तिचा फोन आला.

"सर, मी मनीषा. ओळखलंत?" ती आता जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात शिकवते, विभागाची प्रमुख आहे. लॅब नव्या इमारतीत हलवली होती, लांबच्या एका मोठ्या क्लस्टरला जोडायची होती आणि कोणाला जमत नव्हतं. "तुमच्याशिवाय कोण करणार सर?" मी गुडघेदुखी सांगितली. ती म्हणाली, गाडी पाठवते.

गेलो. तिने माझी ओळख करून दिली, "हे बोरुडे सर. रिमोट डेस्कटॉप मला यांनी शिकवला." मुलींनी उभं राहून नमस्कार केला. मी खाली मान घालून कीबोर्ड ओढला. दुपारपर्यंत जोडणी झाली. या वेळी आतल्या मशीनपर्यंतची वाट नीट काढली, आता येते मला. पाणी प्यायला उठलो तेव्हा कोपऱ्यात एक मुलगी दिसली. जुन्या, लहान क्लस्टरच्या जोडणीवर तिचं काम चालू होतं. डबा शेजारी बंद, आणि ती पडद्याकडे टक लावून बसलेली.

"जेवत का नाहीस गं?"

"जोडीदारीन आल्यावर जेवते सर. विंडो सोडून जाता येत न्हाई." तिने भिंतीकडे बोट केलं. मोठ्या अक्षरांत लॅमिनेट केलेला कागद होता: काम चालू असताना विंडोजवळ कोणीतरी बसलेच पाहिजे. विंडो बंद पडू देऊ नये. खाली पाळ्यांचा तक्ता. सकाळ, दुपार, रविवारसुद्धा.

"रविवारी पण बसता?"

"व्हय सर. परवा माझ्या बहिणीचा साखरपुडा हुता शेवगावला. माझी पाळी आलती, मग न्हाई गेले." मग आवाज बारीक करून म्हणाली, "नेटवर लिव्हलंय, बंद पडली तरी चालतं म्हणून. मी मॅडमला दाखवलं. मॅडम म्हणल्या, नेटवर कायबी लिहितात. आमच्या बोरुडे सरांनी स्वतः सांगितलं होतं, आणि माझं सगळं गेलं होतं."

मला तिथे उभं राहवेना. त्या खोट्याला नऊ वर्षं झाली होती. मनीषा शिकवायला लागली तेव्हापासून किती पोरी असल्या कागदाखाली बसल्या असतील, किती डबे गार झाले असतील, माझ्या एका वाक्यापायी! लाज लाज म्हणतात ती काय असते हे मला साठी उलटल्यावर त्या कोपऱ्यात कळलं.

तिचं काम कुठे चालू आहे ते मी आधी नीट तपासलं. मग नेटच्या वायरीला हात घातला. "सर, नको!" पोरगी ओरडली. मनीषा धावत आली. माझं मनगट धरलं तिने. विभागप्रमुख बाई, आणि चेहरा त्या दिवशी वडिलांबरोबर आलेल्या पोरीचा. मी विंडो चालू असतानाच वायर उपटली. वर लॅपटॉपही बंद केला. पूर्ण.

पाच मिनिटं थांबलो. मग वायर लावली, लॅपटॉप चालू केला, विंडो उघडली. काम जिथे असायला हवं तिथे होतं, पाच मिनिटं पुढे सरकलेलं.

मनीषा पडद्याकडे बघत राहिली. हुशार आहे ती. तिला सांगायला लागलंच नाही, पण तिने ते माझ्याकडून ऐकायला हवं होतं. मी म्हणालो, "मनीषा, तुझं काही चुकलं नव्हतं. नवमीच्या पूजेला मशीन मी बंद केलं होतं. न बघता. आणि अहवालात खोटं लिहिलं."

तिने खुर्ची घेतली, तिच्यावर चढली आणि तो कागद भिंतीवरून ओरबाडून काढला. पोरीला म्हणाली, "जा, जेव. आणि आज घरी जा." मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "आण्णा मागच्या वर्षी गेले. शेवटपर्यंत लोकांना सांगायचे, माझ्या पोरीच्या हातून चूक झाली, पण तिने जिद्द सोडली नाही."

मी माझी पिशवी उचलली.

गाडीपर्यंत ती आली नाही. आठवड्याने मीच फोन केला. संस्थेला दुरुस्तीचं पत्र पाठवलंय म्हणून सांगितलं. तिकडून उत्तर आलं होतं, की निवृत्त कर्मचाऱ्याच्या म्हणण्यावरून जुनी फाइल उघडता येत नाही. मग मी म्हणालो, दिवाळी अंकाला लिहितोय, त्यात सगळं कबूल करतो. तुला त्रास नको म्हणून तुझं नाव बदलतो.

ती म्हणाली, "अहवालात बदललं होतं का, सर?"

नव्हतं. तिथे पूर्ण नाव होतं. म्हणून इथेही पूर्ण लिहितो: मनीषा रंगनाथ येवले हिच्याकडून कोणतीही चूक झाली नव्हती.